मीटरबाईचा खोटा आकडा

मीटरबाईची बोटं कुणी हातात घेऊन दाबून बघितली असती तर कळलं असतं, दहाच्या दहा टोकांना घट्टे पडले होते. पण तिची बोटं हातात घेणारं होतं कोण? ती एका बेकरीत कामाला होती आणि तिचं काम होतं केक खाणं. हसू नका. पगार मिळायचा त्याचा, दर महिन्याला. ज्यांना हे पहिल्यांदा कळायचं ते सगळे एकच म्हणायचे, "काय नशीब काढलंय बाई तुम्ही!" ती नुसती मान हलवायची. नशीब कसलं डोंबलाचं!

ती बेकरी होती साखरेचा आजार असलेल्यांसाठी. मैदा नाही, साखर नाही. बदामाचं पीठ, लोणी, अंडी, मलई आणि गोडव्यासाठी कसकसल्या पावडरी. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी असायची, एका तुकड्यात कार्ब किती ग्रॅम. ह्या एका आकड्यावर लोक डोळे मिटून विसंबायचे. ज्यांना इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते ते तर त्या आकड्यावरूनच सुईचं माप ठरवायचे. आकडा चुकला की माप चुकलं आणि माप चुकलं की माणूस आडवा.

मालकीणबाई वयानं लहान, पस्तिशीची, पण कामाला वाघीण. आधी एका दवाखान्यात पथ्यपाणी सांगायची, मग हे दुकान काढलं. तिचा कागदावर अजिबात विश्वास नव्हता. "लपलेले कार्ब चोरासारखे असतात, ताई," ती मीटरबाईला म्हणायची. मलईचा डबा घ्या, तिच्यात दूध पावडर घुसडलेली. खोबऱ्याचा कीस घ्या, तो चिकटू नये म्हणून त्याला कसलासा स्टार्च लावलेला. गोडव्याच्या पाकिटावर ठळक शून्य, का तर हिशेब एका चिमटीचा. चिमटीत शून्य म्हणून अख्ख्या पोत्यात शून्य? असं कुठं असतं का! म्हणून कागदावर बेरीज-वजाबाकी झाली की पदार्थ जायचा मीटरबाईकडे. कागद खोटं बोलेल, रक्त खोटं बोलत नाही.

मीटरबाईला स्वतःला साखरेचा आजार होता, बारा वर्षं. तेच तिचं शिक्षण आणि तीच तिची लायकी. सकाळी सातला बिनदुधाचा कोरा चहा, त्यानंतर काही नाही. अकराला बोट टोचून साखरेच्या मीटरवर आकडा घ्यायचा, तुकडा खायचा, मग अर्ध्या तासानं, तासानं आणि दोन तासांनी परत टोचायचं. आकडा तीसपेक्षा जास्त चढला तर पदार्थ नापास आणि परत हिशेब. दोन तास बसून राहायचं, हा नियम मालकीणबाईनं पहिल्याच दिवशी सांगितला होता. मीटरबाईनं का म्हणून विचारलं नाही. तिला जायचं तरी कुठं होतं?

बसायची ती मागच्या कोठीत. एका भिंतीला पिठाची पिंपं, दुसऱ्या भिंतीला घडी केलेली खोकी, एक स्टूल, एक टेबल आणि गल्लीकडे उघडणारी गजांची खिडकी. पुढं भटारखान्यात हसणं-खिदळणं चालायचं, क्रीम लावणारी पोरगी गाणी म्हणायची. मागं नुसती फ्रीजची घरघर. खाल्लेलं चांगलं लागलं का, असं तिला कुणी कधी विचारलं नाही. सगळे विचारायचे, "किती आला?"

तसं एकटं राहणं तिला नवं नव्हतं. आईचं आजारपण काढण्यात लग्नाचं वय गेलं. आई गेली, भाऊ दूरच्या शहरात स्थिरावला, वहिनी महिन्यातून एकदा फोन करून "बरी आहेस ना?" म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता पोरांवर ओरडायला लागायची. साखर निघाली त्या वर्षापासून तर बारशा-वाढदिवसाची बोलावणीही आटली. लोक वाईट नसतात हो. "तिला बिचारीला काही चालत नाही, समोर बसवून कशाला जीव जाळायचा?" असं म्हणून भल्या मनानंच टाळायचे. पण टाळलं ते टाळलंच. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक खुर्ची, एक ताट. दुसरी खुर्ची घ्यायचं तिनं दोनदा ठरवलं आणि दोनदा रद्द केलं. बसणार कोण?

मग खोकेवाला आला.

बेकरीला खोकी पुरवणाऱ्या कारखान्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. आधीचा ड्रायव्हर खोकी आपटायचा आणि पळायचा. हा नवा, पन्नाशी उलटलेला, टक्कल, पोट जरा पुढं आणि तोंड म्हणजे अखंड चालू नळ. खोकी कोठीतच रचायची असल्यामुळं तो सरळ तिच्यासमोरच यायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बाई, शिक्षा झालीय का तुम्हाला?"

"नाही. काम करतेय."

"हे काम? माझी म्हातारी मांजर हेच करते, तिला कुणी पगार देत नाही."

मीटरबाईला हसू आलं. किती दिवसांनी आलं कुणास ठाऊक! त्याच्या पुढच्या दुकानाचं दार साडेबाराला उघडायचं. तोवर तो गाडी कोपऱ्यावर लावून गल्लीत फेऱ्या मारायचा, कारण दिवसभर स्टिअरिंगवर बसून त्याची कंबर धरायची. तिसऱ्या खेपेला त्यानं खिडकीतून विचारलं, "चला की बाई, चक्कर मारू. बोटं बरोबरच येतील, ती काय इथं ठेवून जायची नाहीत."

ती "नाही नाही" म्हणाली आणि उठली. खरंच उठली. मीटर पिशवीत घातलं आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

मग ते ठरूनच गेलं. शाळेच्या भिंतीपासून चपला शिवणाऱ्याच्या टपरीपर्यंत, तिथून पोस्टाला वळसा घालून परत. अशा दोन फेऱ्या, कधी तीन. वेळ झाली की ती पोस्टाच्या पायरीवर बसून बोट टोचायची आणि तो तोंड फिरवायचा, त्याला रक्त बघवत नसे. बोलायचा तोच. मुलगी सासरी गेली, बायको चार वर्षांपूर्वी गेली, मांजर काही जायचं नाव घेत नाही, असं सगळं एका दमात. मग मध्येच थांबून विचारायचा, "आजचा केक कसा होता?" पहिल्यांदा तिला सवयीनं आकडाच आठवला. "चौदा चढला," म्हणाली. "चढला किती नाही विचारलं, लागला कसा?" "लिंबाची साल जास्त झालीय," ती शेवटी म्हणाली, "पण मला आवडला." हे वाक्य तिनं आयुष्यात कुणाला ऐकवलं नव्हतं.

सोमवार आला की तिला उद्याची ओढ लागायची. बुधवारी वाटायचं, अजून दोन दिवस. वय वर्षं त्रेपन्न, पण मन कुठं वय विचारतं! तिनं एक नवी चप्पल घेतली, चालायला बरी पडते म्हणून. दुसरी खुर्चीसुद्धा घेतली. त्याला घरी बोलवायचं धाडस होणार नव्हतं, तरी घेतली.

आता एवढं वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या नाही आलं. डॉक्टर बारा वर्षं कानीकपाळी ओरडत होते, "जेवलात की चाला! पावलं टाकली की साखर उतरते!" हे तिला पाठ होतं आणि तरी त्या नऊ आठवड्यांत एकदाही डोक्यात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मंगळवारी-शुक्रवारी तपासलेले पदार्थ पटापट पास व्हायला लागले. मालकीणबाई खूश, म्हणायची, "ताई, आपला हात बसला आता." हात कसला बसला! पाय चालत होते.

त्यात एक नवा पदार्थ होता, टॉफीसारख्या दाट थराची वडी. थर होता बिनसाखरेच्या पाकाचा. पाकाच्या कागदावर लिहिलं होतं की ह्यातले कार्ब अंगाला लागत नाहीत, बेरजेतून वजा करा. मालकीणबाईनं वजा केले आणि उरले चार ग्रॅम. मीटरबाईनं शुक्रवारी वडी खाल्ली, आकडा फक्त चोवीस चढला. पास. डब्यावर चार छापलं गेलं आणि वडी धडाधड खपायला लागली.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी संध्याकाळी, दुकानात फोन आला. एका आईचा. तिच्या सात वर्षांच्या मुलीला जन्माची इन्सुलिनची सुई लागलेली. चार ग्रॅम धरून माप काढलं आणि मुलीची साखर तीनशेच्या वर गेली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा उलट्या सुरू झाल्या आणि एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आई भांडत नव्हती, तेच वाईट होतं. ती विचारत होती, "मी मापात चुकले का हो? तुमचा आकडा तर चुकत नाही."

मालकीणबाईनं सगळे कागद काढले. बदामाचं पीठ बघितलं, मलई बघितली, कोकोची पावडर परत तोलली. सगळं बरोबर. शेवटी तिनं चाचणीची वही उघडली आणि सुटकेचा श्वास टाकला. "चोवीस. ताईंनी तपासलंय. म्हणजे वडी ठीक आहे. त्या आईचंच माप चुकलं असणार."

मीटरबाई दारात उभी होती. चोवीस. शुक्रवार. तीन फेऱ्या मारल्या होत्या त्या दिवशी, मांजर कपाटात अडकल्याची गोष्ट संपेना म्हणून.

गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. तिनं ते मनात आणलं नाही असं नाही. घरी जाईपर्यंत तिनं स्वतःला दहा वेळा सांगितलं की चालण्यानं इतका फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कुणाला न सांगता तिनं तीच वडी खाल्ली आणि स्टुलावर बसून राहिली. तासानं टोचलं. चढ एकाहत्तर, म्हणजे पाकातले वजा केलेले कार्ब अंगाला लागत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर दिवस उजाडला होता. ती उठली आणि सरळ मालकीणबाईपुढं जाऊन उभी राहिली.

"त्या आईचं माप बरोबर होतं. माझा आकडा खोटा होता. मी बसले नव्हते, मी चालत होते. मंगळवारी आणि शुक्रवारी, नऊ आठवडे."

मालकीणबाईनं वही मिटली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "ताई, तुम्ही?" एवढंच म्हणाली. मग तिनं वडीचे डबे काचेतून काढले, त्या आईला फोन लावला आणि चूक आमची म्हणून सांगितलं. ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. नऊ आठवड्यांतले सात पदार्थ परत तपासायचे ठरले. रोज एक, बसून.

"पण का चालत होतात?" तिनं संध्याकाळी विचारलं. "इतकी वर्षं बसलात की."

"पाय आखडायचे," मीटरबाई म्हणाली.

एवढी मोठी चूक कबूल केली आणि एवढंसं खरं सांगता आलं नाही. काय सांगणार? की कुणीतरी मला केक कसा लागला म्हणून विचारत होतं? त्रेपन्नाव्या वर्षी?

शुक्रवारी खोकेवाला आला, खोकी रचली आणि बाहेरून खिडकीशी जाऊन उभा राहिला. "चला!"

"नाही जमायचं. बसायला सांगितलंय."

"कुणी?"

"काम आहे तसं."

खरं कारण सांगावं असं तिला फार वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे त्या मुलीचं सांगायचं. मग हा बोलघेवडा माणूस ते मनाला लावून घेणार, माझ्यामुळं झालं म्हणणार, आणि त्याच्यामुळं कुठं झालं होतं? उठली तर तीच होती. तिनं वही पुढं ओढली. तो थोडा वेळ गज धरून उभा राहिला, मग "बरं" म्हणाला आणि एकटाच फेरीला गेला. मंगळवारी त्यानं परत प्रयत्न केला. "कोंडून घातलंय का काय तुम्हाला? मांजरीला सांगून ठेवलंय, बाई रुसल्यात म्हणून." ती म्हणाली, "रुसायचं काय त्यात? तुम्ही जा, उशीर होईल." म्हणायचं होतं थांबा, तोंडातून निघालं जा. आयुष्यभर आजाऱ्याशी आणि वहिनीच्या फोनशी बोललेली बाई, तिला दुसरं येणार कुठून?

पुढच्या शुक्रवारी सातवा, शेवटचा पदार्थ होता, मलईचा केक. अकराला तिनं तुकडा खाल्ला. खोकी त्या दिवशी भटारखान्यातच उतरवली गेली, मागं कुणी आलं नाही. तिला त्याचा आवाज ऐकू येत होता. नेहमीपेक्षा जास्त बोलत होता, सगळे हसत होते. अकरा वाजून बावीस मिनिटांनी क्रीमवाली पोरगी पीठ न्यायला आली.

"खोकेवाले काका चालले, मीटरबाई. त्यांचा रस्ता बदलला, मंगळवारपासून दुसरा माणूस येणार. आम्हाला सगळ्यांना भेटून गेले. तुमचं विचारत होते, मी म्हटलं बाईंची चाचणी चाललीय, त्यांना उठवायचं नाही. मग म्हणाले, राहू दे, सांग माझा नमस्कार."

पोरगी पीठ घेऊन गेली. मीटरबाई बसून राहिली. आठ मिनिटांनी टोचायचं होतं. उठली तर तुकडा वाया, दिवस वाया, आणि नियम दुसऱ्यांदा मोडला असं झालं असतं. तिनं ते सगळं मनात तोललं आणि मग बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

ती धावली. नवी चप्पल पायात घालायची राहिली, भटारखान्यातल्या सपाताच पायात होत्या. कोपऱ्यावर गाडी नव्हती. शाळेच्या भिंतीपाशी नव्हती. मोठ्या रस्त्यावर सिग्नल सुटत होता आणि त्यातली कुठली गाडी त्याची हे कळायलाही मार्ग नव्हता, सगळ्या गाड्या पाठीमागून सारख्याच. ती तिथं उभी राहिली. लोक धक्का मारून जात होते. मग परत फिरायचं म्हणून ती फिरली आणि पाय आपोआप त्या फेरीला लागले. शाळेची भिंत, चपला शिवणारा, पोस्ट. चपला शिवणाऱ्यानं मान वर करून तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि परत टाका घातला. दोन फेऱ्या झाल्या.

कोठीत आली तेव्हा बाराला थोडी मिनिटं होती. सवयीनं हात धुतले, ठरल्या वेळेला बोट टोचलं. एकशे एकतीस. तिनं वही मागं उलटवली. हाच केक तिनं त्याच्याबरोबर चालून तपासला होता, तेव्हा आला होता एकशे एकोणतीस. दोनाचा फरक म्हणजे मीटरच्या लेखी काहीच नाही.

"मेल्या," ती मीटरला म्हणाली, मोठ्यानं, "तुला काहीच फरक कळत नाही का रे?"

मालकीणबाई दारात आली होती. तिनं सपातांवरची रस्त्याची धूळ बघितली, वहीतला आकडा बघितला.

"परत चालून आलात?"

"हो. आजची चाचणी रद्द धरा. उद्या परत खाते."

"कुणाबरोबर गेला होतात?"

"आज एकटीच."

मालकीणबाईला त्यातला 'आज' कळला आणि मंगळवार-शुक्रवारची खोक्यांची गाडीही. ती स्टुलाशेजारी खोक्यांवर टेकली. "अहो ताई, हे होतं तर त्या दिवशी पाय आखडतात म्हणून का सांगितलंत? मी त्यांच्या कारखान्यात फोन करू का? नंबर आहे माझ्याकडे."

"काय म्हणून करणार?" मीटरबाई म्हणाली. "खोकी कमी पडली म्हणून? आणि तो आला फोनवर तर मी काय बोलणार? मला बोलता आलं असतं तर गज धरून उभा होता तेव्हाच बोलले असते ना!" आणि मग तिला रडू आवरेना. त्या कोठीत इतकी वर्षं काढली, पण रडली पहिल्यांदाच. मालकीणबाईनं नंबर एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला आणि पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला तिनं बोट टोचलं, एकशे बारा, आणि तोच केक परत खाल्ला. क्रीमवाली पोरगी कशी कोण जाणे, पण मध्येच डोकावून म्हणाली, "काही हवंय का, मीटरबाई?" ती म्हणाली, "नको गं." दोन तास ती जागची हलली नाही, खिडकीकडेही बघितलं नाही. चिठ्ठी पिशवीत होती, तिला तिनं हात लावला नाही. तासानं टोचलं, एकशे सत्तर. चढ अठ्ठावन्न, पदार्थ नापास. आकडा खरा होता आणि तिनं तो वहीत लिहिला.